डावीकडचा अबोला

मेंदूच्या वॉर्डात काम करायचं तर हसू आवरता आलं पाहिजे, असं आमच्या मोठ्या सिस्टर म्हणतात. मला ते कधी धड जमलं नाही, आणि वस्तरेमामा भरती झाल्यावर तर मी तो नादच सोडला.

मामा न्हावी. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि डावा हातपाय लुळा पडला. जीभ मात्र शाबूत, पहिल्यापेक्षा दोन बोटं लांबच झाली असेल. पण डावी बाजू नावाची काही चीज जगात असते, हेच त्यांचं डोकं विसरलं. ताटातलं उजवीकडचं सगळं चाटूनपुसून संपवायचे आणि वर माझ्यावर डाफरायचे, "आज अर्धपोटीच ठेवलंत!" मी गुपचूप ताट फिरवलं की म्हणायचे, "आता कसं? बोंब मारल्याशिवाय वाढत नाही तुम्ही लोक." एकदा तर स्वतःचाच डावा हात उचलून माझ्या हातात दिला. "सिस्टर, हा कुणीतरी माझ्या अंथरुणात विसरून गेलंय. ज्याचा त्याला देऊन या." मी चादरींच्या खोलीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबला आणि मनसोक्त हसून आले.

आणि त्याच डाव्या बाजूला, खुर्चीत ताठ बसून, तोच हात मांडीवर घेऊन, रोज मामी असायच्या. हूं नाही की चूं नाही.

"आमची ही आज पण आली नाही ना?" मामा उजवीकडच्या दाराकडे बघत विचारायचे.

"मामा, आल्यात. इथेच आहेत, तुमच्या डावीकडे."

मामा मान आणखी उजवीकडे न्यायचे. "कशाला खोटा धीर देता? तिचा अबोला आहे. मला माहितीये तिचा स्वभाव."

मी मामींकडे बघायचे. मामी छताकडे.

शेवटी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "अहो, एक हाक मारा ना! निदान आवाज तरी ऐकतील."

"मी का मारू?" मामी फणकारल्या. "अबोला त्यांनी धरलाय. आजारी पडले त्या सकाळी मी एवढंच म्हटलं, की तुमची मिशी डावीकडून वाकडी दिसतेय. गावभरच्या मिश्या सरळ करणारा माणूस, नाकाला मिरची झोंबली. पाठ फिरवून बसले, आणि तसेच कलंडले. आता सगळ्यांशी गप्पा, आणि मी समोर असून नाही आली म्हणतात!"

"समोर नाही, डावीकडे. त्यांचे डोळे चांगले आहेत मामी. डोळे बघतात, पण डोकं दखल घेत नाही."

"म्हणजे पहिल्यासारखंच की."

मी फस्सकन हसले. मामीही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "सिस्टर, उद्या मी खरंच आले नाही, तर त्यांना फरक कळेल का हो? एकदा स्वतःहून वळून बघू देत. मग मी उजवीकडे बसेन, डोक्यावर बसेन, म्हणाल तिथे बसेन."

त्यांना उजवीकडे बसा म्हणावं तर उपचाराच्या दृष्टीनं त्यांचीच जागा बरोबर. अशा रुग्णाशी आम्ही मुद्दाम डावीकडून बोलतो, म्हणजे डोक्याला त्या बाजूची सवय लागते. मी खाटेच्या डाव्या कठड्याला लाल पट्टी बांधली होती. ती दिसेपर्यंत मान वळवायची, हा मामांचा रोजचा धडा. पण मामा नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचे आणि "सापडली" म्हणून ठोकून द्यायचे.

मग एका सकाळी मामांनी फर्मान काढलं, "दाढीचं सामान आणा. ही मिशीच काढून टाकतो. तिला वाकडी वाटते ना? न रहेगी मिशी, न रहेगा झगडा. येईल तेव्हा बघेल आणि बोलेल."

खुर्चीतल्या मामींनी मान खाली घातली.

मी म्हटलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तुम्हाला. वस्तरा मिळणार नाही. हे बॅटरीचं मशीन घ्या."

"मशीन? मी?" तरी घेतलंच. मी समोर आरसा धरला. मशीन गुरगुरलं आणि काय सांगू, काय तो हात! बघता बघता उजवा गाल गुळगुळीत, उजवी मिशी साफ. नाकाच्या बरोब्बर मधे येऊन हात थांबला. मामांनी आरशात ऐटीत बघितलं, मशीन बंद केलं आणि मानेला झटका दिला. "झाली! कसा दिसतोय?"

उजवीकडून नवरदेव, डावीकडून फरारी आरोपी. शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांनी पांघरूण तोंडावर ओढलं, ते पांघरूणच गदगदा हलायला लागलं. मोठ्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून भिंत तपासू लागल्या. मी आरशामागे तोंड लपवलं.

आणि उरली होती नेमकी तीच, डावीकडची वाकडी!

मामींनी पदर तोंडात कोंबला, ठसका लागला, आणि तोंडून सुटलंच, "अगंबाई! वाकडी तेवढी ठेवली की हो!"

मामा थबकले. "कोण बोललं?" ते उजवीकडे वळले. दार रिकामं. "माझ्या मिशीला वाकडी म्हणणारी दुसरी कोण असणार? कुठे लपलीये?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी जीभ दाताखाली धरली. एवढंच म्हटलं, "लाल पट्टी, मामा."

मान निघाली. नाकाचा शेंडा ओलांडला. थांबली. मग आणखी थोडी, आणखी थोडी, आणि मामांना पट्टी दिसली. पट्टीजवळ एक लुळा हात, त्या हातावर दुसरा हात. त्या हातावरून नजर खांद्यावर गेली, खांद्यावरून चेहऱ्यावर.

"तू कधी आलीस?"

"रोज."

"मग बोलायचं नाही?"

"पहिलं तुम्ही बोलायचं होतं."

मामांच्या अर्ध्या मिशीवरून पाणी ओघळलं. पण माणूस हार मानेल तर शप्पथ! "पण बोललीस तूच आधी. सगळे साक्षीदार आहेत."

"मी मिशीशी बोलले. तुमच्याशी नाही."

मग जो हशा उसळला त्यात मोठ्या सिस्टरही सापडल्या. भिंतीला टेकून हसत होत्या बाई. मामांनी मशीन मामींपुढे केलं. "घे. कर सरळ." मामींचा हात हसण्यानं इतका हलत होता की मामा सारखे ओरडत होते, "हलू नका हो गिऱ्हाईक!" आणि मामी म्हणत होत्या, "गिऱ्हाईक तुम्ही आहात!"

दुसऱ्या दिवशी मी गडबडीत गोळ्या घेऊन नेमकी उजवीकडून गेले. मामांची मान डावीकडे, खुर्चीच्या दिशेला. पुन्हा पुन्हा उजवीकडे घसरायची आणि मामा ती पुन्हा ओढून आणायचे.

"मामा, गोळी."

मी गोळ्यांची वाटी वाजवली.

"मामा!"

"थांबा हो सिस्टर," मान न वळवता मामा म्हणाले, "आमचं बोलणं चाललंय."