शेंदूर लागलेली हिरवी पेटी

मी हिरवी पेटी बोलतेय. शहापूरच्या कचेरीच्या ओसरीवर, पाण्याच्या माठाशेजारी पडले होते, तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. दोघीजणी डोक्यावरच्या पाट्या उतरवून सावलीला टेकल्या. एक दुसरीला म्हणाली, "आयकलंस का गो? ठान्याला हिरवी पेटी जिकली! आन् कातळवाडीची हीर तर..."

तेवढ्यात किन्हवलीच्या मोटारीनं भोंगा वाजवला आणि दोघी पाट्या उचलून पळाल्या. विहिरीचं काय? अगं बाई, पुढचं सांगून तरी जायचंस! माझा जीव नुसता तगमगला. मला कान नाहीत, डोक्यावर फक्त एक फट आहे. पण त्या फटीतून येणारं जाणारं सगळं मी ऐकते. कुणाच्या घरात काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. खोडच आहे माझी.

पण आधी मी कोण ते सांगते. माझं लाकूड तानसाकडच्या जंगलातलं. ठेका रघूशेटचा. त्याच्याच वखारीतल्या एका फळीतून सुतारानं दोन पेट्या केल्या, मी आणि माझी बहीण. लोकल बोर्डाची निवडणूक होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मत कसं द्यावं? म्हणून प्रत्येक उमेदवाराला एकेक रंग दिला. कागद ज्या रंगाच्या पेटीत, मत त्याला. बहिणीला पिवळा रंग लागला, ती रघूशेटची झाली. मला हिरवा लागला, मी किन्हवलीच्या सावळारामची. सावळाराम साधा भातशेतीवाला माणूस. निवडून आलो तर बोर्डाची विहीर कातळवाडीत पाडून घेईन, एवढंच तो सांगत फिरला.

कातळवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली ठाकर लोकांची वाडी. तिथल्या बायका उन्हाळाभर ओहोळातला डोह उपसून पाणी आणत. तिथून थोड्या अंतरावर तलाव भरलेला, पण ते पाणी नळांतून मुंबईला जायचं. वाडीत ज्यांच्या नावावर सारा भरण्याइतकी जमीन होती, तेवढ्यांनाच मत. त्यांतला एक लखमा. त्याची बायको बारकी त्याला म्हणाली होती, "कागूद नीट टाक रे. माजी मान मोडली हंडे वाहून."

आणि लखमानं कागद नीट ठेवला. तिथंच सगळं चुकलं.

मतदानाच्या आदल्या बाजारात रघूशेटच्या माणसानं वाडीवाल्यांना गाठून सांगितलं होतं, "हिरवी पेटी म्हणजे तुमच्या हिरव्या देवाची. देवाच्या तोंडात कुणी कागद कोंबतं का? माथ्यावर ठेवायचा नि हात जोडायचे." हिरवा हा वाडीचा देव. त्यांना ते पटलं. का नाही पटणार?

किन्हवलीच्या शाळेत, पडद्याच्या आड आम्ही दोघी बहिणी मांडलेल्या. किन्हवलीचे लोक येत, फटीतून कागद टाकत, जात. मग लखमा आला. कनवटीची पुडी सोडून त्यानं माझ्या माथ्यावर बोटानं शेंदूर लावला, चार दाणे तांदूळ ठेवले, त्यावर कागद. "देवा, हीर होऊ दे," म्हणाला आणि गेला. त्याच्यामागून वाडीचे सगळे तसेच. माझ्या माथ्यावर कागदांचा ढीग झाला. मला फार बरं वाटलं हो. कुणी माझी पूजा केली नव्हती कधी.

दुपारी शिपाई जेवायला उठला आणि रघूशेटचा तोच माणूस आत शिरला. ढीग उचलला आणि एकेक करून बहिणीच्या पोटात सारला. रघूशेट निवडून आला. फरक त्या ढिगाएवढाच होता.

सावळारामनं कपाळाला हात लावला. लखमा मात्र, आमचे कागद गेले कुठं ते विचारायला, चालत शहापूरला गुप्ते वकिलांकडे गेला. गुप्ते दम्याचे, दोन वाक्यांमागे एकदा खोकायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ठाण्याच्या कोर्टात अर्ज लावला. लोक हसले. "ठाकरांचा देव आता साक्षीला येणार वाटतं!"

देव नाही, मीच गेले. बैलगाडीतून आसनगावला, तिथून आगगाडीनं ठाण्याला. कोर्टात मला आणि पिवळ्या बहिणीला टेबलावर मांडलं. रघूशेटच्या वकिलानं लखमाला विचारलं, "कागद पेटीच्या आत का टाकला नाहीस?"

"देवाच्या तोंडात कोंबतात व्हय सायेब? तुमी कोंबता?"

कोर्ट हसलं. मग तो वकील हळूच म्हणाला, "म्हणजे तू मत देवाला दिलंस. सावळारामला नाही."

गुप्ते खोकत उठले. "लखमा, देव काय देतो?"

"पाऊस देतो जी."

"आणि विहीर?"

"हीर बोर्ड देतं. देवाला कागूद कशाला लागंल? कागूद सावळारामचा, शेंदूर देवाचा."

मग गुप्त्यांनी पिवळ्या पेटीतल्या मतांचा लाखबंद गठ्ठा फोडायला लावला. कागद एकेक उलगडले. कितीतरी कागदांना शेंदूर लागलेला, एकाच्या घडीत तांदळाचा दाणा. न्यायाधीश साहेबानं आधी माझ्या माथ्याकडे बघितलं, मग कागदांकडे. पिवळीच्या अंगावर शेंदराचा ठिपकाही नव्हता. मी एक शब्द बोलले नाही, पण माझं कपाळ बोललं.

त्यानंतर तारखांवर तारखा. मला शहापूरला परत धाडलं, माठाशेजारी. शिपाई माझ्यावर पानाचा डबा ठेवू लागला. आणि एक दिवस त्या दोघीजणी आल्या, अर्धं बोलून पळाल्या.

उरलेलं मला हळूहळू कळलं. निवडणूक रद्द झाली, हे खरं. पुन्हा मतदान घ्या, असा हुकूम झाला, हेही खरं. पण तोवर तिकडे विलायतेत लढाई पेटली होती, आणि लढाई संपेपर्यंत निवडणुका नाहीत असं वरून आलं. रिकामी जागा तरी कशी ठेवायची? म्हणून सरकारनं माणूस नेमला. कोणाला, ते सांगायला हवं का? रघूशेटलाच. आणि कातळवाडीची विहीर? विहीर झाली हो. पक्की, दगडी बांधकामाची. कागदावर नाव कातळवाडीची विहीर. पाडली रघूशेटच्या आंबराईत, कुंपणाच्या आत.

आता मी गुप्त्यांच्या ओटीवर आहे. कचेरीला माझं ओझं झालं, म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. लखमा दर बाजाराला येतो, पायरीवर टेकतो. "लागली का तारीख, सायेब?"

"लढाई संपू दे," गुप्ते म्हणतात. आधी ते जोरात म्हणत. आता खोकल्यातच सांगून टाकतात.

मागल्या बाजाराला सोबत बारकी होती. डोक्यावर हंड्याखालची चुंबळ तशीच. ती म्हणाली, "पेटीला इचारा, तिला तरी ठावं हाय का." मग लखमा उठला. कनवटीची पुडी काढली. मला वाटलं, शेंदूर लावणार. त्यानं नाही लावला. चार दाणे तांदूळ चिमटीत धरून फटीतून आत सोडले. टिपटिप आवाज झाला.

"आता समजलं मला, सायेब," तो म्हणाला. "कागूद आत टाकायचा."

गुप्त्यांनी आत तोंड करून चहा ठेवायला सांगितलं.

तर बाजारातल्या त्या बाईचं बोलणं असं निम्मं खरं ठरलं. हिरवी पेटी जिंकली, विहीरही झाली. बारकी अजून डोहावरच जाते.

मतदानाआधी पेटी उलटी करून दाखवतात, आत काही नाही म्हणून. कधी ती वेळ आलीच, तर माझ्यातून चार दाणे पडतील. ते लगेच झाडून टाकू नका. कुणाचे आहेत, एवढं विचारा. तोवर त्यांना कीड लागली नसली तर.