बाबाचा टाका

माप

काचेच्या खोलीत मुलासोबत एकच माणूस. आई किंवा बाबा. एकदा आंघोळ करून, वाफेच्या मशीनमधून काढलेले कपडे घालून आत गेलं की बदली नाही.

"दोघं आत गेलो तर काय बिघडेल?" मी मोठ्या सिस्टरना विचारलं होतं.

"टेलरबाई, दोन माणसं म्हणजे दोन नाकं आणि चार हात. तुम्हीच बघा."

माझी मुलगी भिंगरी. एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. तिच्या हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथेच बिघाड झाला. आधी कडक औषधांनी आतलं सगळं पुसून काढायचं, मग जुळणाऱ्या माणसाच्या पेशी तिच्यात सोडायच्या आणि त्या रुजायची वाट बघायची. बाबाच्या जुळल्या नाहीत. माझ्या जुळल्या. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं आणि, खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग कळलं की ज्याच्या पेशी घ्यायच्या त्याची खाट वेगळ्या वॉर्डात. इंजेक्शनं, तपासण्या, विश्रांती. मग काचेच्या खोलीत कोण जाणार?

बाबा.

माझ्यातलं जेवढं आत जाऊ शकत होतं तेवढं पिशवीतून गेलं. लालसर, दुधाच्या पिशवीहून लहान. सिस्टरनं ती दोन्ही हातांवर धरून नेली. मी व्हरांड्यातून बघत होते. त्या पिशवीचासुद्धा मला हेवा वाटला.

पाठ

(त्याची. काचेतून मला बहुतेक वेळ तीच दिसते.)

तो ट्रक चालवतो. कुठल्या वळणावर पंक्चरवाला आहे ते त्याला तोंडपाठ, मुलगी कितवीत आहे ते मला विचारून सांगणार. "दुसरीत ना गं?" "तिसरीत." "तेच ते." तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात अरे.

हाच माणूस आता तिच्या छातीत औषधांसाठी बसवलेल्या नळीला पाणी लागू न देता तिचं अंग पुसतो. तिला उलटी येणार हे तिच्या आधी याला कळतं आणि भांडं पुढे आलेलं असतं. हे कळणं माझं होतं. घरी ती पाणी मागायच्या आत मी उठलेली असायचे.

इंटरकॉमवर:

"काय खाल्लं तिनं?"

"चार घास. तू नको काळजी करू, आमचं बरं चाललंय."

आमचं.

"पांघरूण नीट घाला. ती पाय बाहेर काढते."

"आता नाही काढत. मोडली ती सवय."

मोडली. आणि मला पत्ता नाही.

"तुला काही लागलं, काही कळलं नाही, तर मला विचारत जा," तो म्हणाला. मला! मी फोन असा आदळला की बाकावरच्या आजींनी मान वळवली. शेजारच्या काचेच्या खोलीत त्यांचा नातू होता आणि त्याच्यासोबत त्यांची सून.

"नवरा का?"

"हो."

"माझी सून आहे आत. तिला बघून माझंही असंच होतं बघा. मेलीला माझ्या नातवाच्या आवडीचं गाणंसुद्धा येत नाही."

आम्ही दोघी तोंडाला पदर आणि मास्क लावून खूप हसलो. हसताना दोघींचे डोळे आपापल्या काचेवर.

पुढचा भाग

डोक्यातून घालायचे कपडे नळीत अडकतात. म्हणून मी फ्रॉक शिवायला घेतले. मऊ सुती कापड, नळीच्या बाजूला खांद्यापासून छातीपर्यंत फट, फटीला टिचबटणं. घरी मशीनवर बसले आणि कितीतरी आठवड्यांनी हात माझे वाटले. हे तरी बाबाला जमणार नव्हतं. ट्रकचं इंजिन उतरवून परत चढवेल, पण शर्टाचं तुटलेलं बटण हातात घेऊन लहान मुलासारखा माझ्यापुढे उभा राहतो.

प्रश्न एकच. नळी कुठल्या बाजूला?

नळी बसवली तेव्हा मी दुसऱ्या वॉर्डात होते. काचेतून बघावं तर भिंगरी हनुवटीपर्यंत पांघरुणात. फोन उचलून विचारायचं, एवढंच. पण "मला विचारत जा" हे तीन शब्द कानात बसलेले. नाही विचारलं. त्यानं मोबाईलवर दोघांचा फोटो पाठवला होता, स्वतःच हात लांब करून काढलेला. तो मोठा करून बघितला. नळी डावीकडे दिसली. कापड टाकलं, कापलं, सगळे फ्रॉक एका बैठकीत शिवून मोकळी झाले.

त्याचा मोबाईल असे फोटो आरशासारखे उलटे काढतो. त्याच्या ट्रकचा नंबर त्यात उलटा येतो हे मी शंभरदा बघून हसलेय. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, आरशात बघून माप घ्यायचं नाही. त्यांना सांगते.

बाही

कपडे आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी उशीला टेकून बसलेली दिसली, अंगात माझा पिवळा फ्रॉक. डोक्यावर एक केस नाही, आणि पिवळ्या रंगात इतकी गोड दिसत होती की मी काचेला नाक लावलं. काचेवर वाफ आली. ती पुसली तेव्हा दिसलं.

डावीकडची माझी फट बंद केलेली. उजवीकडे कापड कापून नवी फट पाडलेली. आणि टाके! एक लांब, एक आखूड, मध्येच दोरा गुंडाळलेला, गाठी बाहेर. निळा दोरा. पिवळ्यावर निळा.

मी फोन उचलला. "काय केलंत हो माझ्या फ्रॉकचं?"

"अगं, नळी उजवीकडे आहे ना. फट डावीकडे होती. म्हटलं तुला कशाला परत त्रास."

"शिवलं कशानं?"

"सिस्टरनी टाके घालायची सुई दिली. वाकडी असते, गळासारखी. दोराही त्यांचाच."

"मी नवे करून पाठवते. हा काढा आधी."

तो वळून भिंगरीशी काहीतरी बोलला. मग फोन तिच्याकडे दिला.

"आई, हा बाबानं शिवला."

"दिसतंय. मी छान नवा करते हं, पिलू."

"नको. हाच पाहिजे."

"अगं, वाकडातिकडा आहे तो."

"तुझा दुकानातल्यासारखा असतो," भिंगरी म्हणाली.

आयुष्यभर गिऱ्हाइकांनी याच शब्दांत माझं कौतुक केलं. अगदी दुकानातल्यासारखा शिवता हो बाई. त्या दिवशी ते वाक्य ऐकून मी काचेपासून मागे सरकले आणि बाकावर बसले. आजींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझं गिऱ्हाईक पळालं.

उजव्या फटीचे नवे फ्रॉक मी तरीही पाठवले. ते आत कपाटात घडी घालून पडून राहिले. निळ्या टाक्यांचा तेवढा तो धुवायला बाहेर यायचा आणि परत आत जायचा.

गळा

याला काहीतरी व्हावं.

मोठं नको. थोडंसं. कणकण. खोलीतून बाहेर पडावं लागेल एवढंच.

हे मी कोणाला म्हटलं नाही. देवालाही नाही. पण मनात आलं आणि गेलं नाही, घशात अडकलेल्या गोळीसारखं बसून राहिलं.

उसवण

आधी शेजारच्या खोलीत ताप आला. आजींच्या नातवाला. दोन दिवस त्या खोलीत माणसांची ये-जा वाढली, मग पडदे लागले, मग एका सकाळी गादी उभी करून ठेवलेली आणि फरशी पुसायला लावलेली. बाक रिकामा. आजींची पाण्याची बाटली बाकाखाली राहिली होती. ती मी उचलली आणि कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून पिशवीत ठेवून घेतली.

त्या खोलीच्या आणि भिंगरीच्या खोलीच्या मध्ये काचच आहे.

मग त्याच आठवड्यात बाबाला ताप आला.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "टेलरबाई, नियम मोडतोय, इलाज नाही. तपासण्या करा, आंघोळ करा, चला." मी घशातून, नाकातून जे मागितलं ते सगळं दिलं. सगळं स्वच्छ निघालं. माझ्या मनासारखं झालं होतं.

व्हरांड्यात तो समोरून आला. वाळलेला, दाढी करून करून गाल सोललेले. आम्ही अंतर ठेवून थांबलो.

"ऐक, तिला तोंडात फोड आहे डाव्या बाजूला, चमचा उजवीकडून..."

"माहितीये."

"आणि ती झोपेत दात..."

"माहितीये मला. आई आहे मी तिची."

तो म्हणाला, "हो. ते पण आहेच."

मला काहीच माहीत नव्हतं. फोडाचंसुद्धा नाही.

अस्तर

आत गेले तेव्हा भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी "पिलू" म्हटलं. ती हलली नाही. चमचा उजवीकडून नेला. तोंड उघडलं नाही.

फ्रॉकवर उलटी सुकलेली. नळीच्या अगदी जवळ. सिस्टर आत येऊन म्हणाल्या, "हा आत्ता बदलायचा. डॉक्टर यायच्या आधी. तिथून जंतू आत गेले तर सगळ्यावर पाणी."

कपाटातून माझा फ्रॉक काढला. उजवी फट, रेषेत शिलाई. भिंगरीनं अंगावरचा फ्रॉक दोन्ही मुठींत धरला.

"नाही काढणार."

"घाण झालाय गं."

"नाही."

"आई आलीये ना आता? मी किती वाट बघितली या..."

"तू जा. बाबाला पाठव."

मी मुठी सोडवायला गेले. तिच्यात ताकद कुठून आली कोण जाणे. बोटं पांढरी पडली. सिस्टर म्हणाल्या, "ओढाताण नको, नळी आहे." मी हात मागे घेतले. याच हातांची तिला गरज नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "इतका आवडतो हा?"

भिंगरी भिंतीशी बोलली. "त्या दादाला ताप आला. मग त्याची गादी उभी केली. बाबाला ताप आला."

म्हणजे तो फ्रॉकचा हट्ट नव्हता. तो काढला की बाबा गेला, असं होतं ते.

इतके दिवस ती बाबाची झाली म्हणून मी जळत होते, आणि ती इथे एकटी भिंतीकडे तोंड करून तो मरायची वाट बघत होती.

मी इंटरकॉम उचलला, बाहेर निरोप दिला. बऱ्याच वेळानं तो काचेपलीकडे आला, दोन मास्क, अंगावर चादर. फोन मी भिंगरीच्या कानाला लावला.

"काय गं, भिंगरे?"

"तू मेलास?"

"छे! साधा ताप आहे. नाक गळतंय नुसतं. दाखवू?"

"शी!"

"मग? फ्रॉक काढ की. मलाच वास येतोय इथपर्यंत."

"आईनं शिवलेला नको. तुझा शिव."

"मी बाहेर. सुई आत. कसा शिवू?"

मी सिस्टरना म्हटलं, "ती वाकडी सुई द्या."

शिलाई

सिस्टरनी सुई-दोरा दिला. सुई मोजून परत घेणार, हे बजावून. मी माझा रेषेतला फ्रॉक मांडीवर घेतला आणि फटीवरची शिलाई उसवली. स्वतःच्या हाताची शिलाई उसवताना कशी सरसर निघते, त्याचाही राग आला.

फोन स्पीकरवर ठेवला.

"मोठा टाका घे," बाबा म्हणाला.

"घेतला."

"अजून मोठा. हां. आता पुढचा बारीक."

"का?"

"का म्हणजे? मला तसाच आला होता."

मी बारीक घेतला. सरळ सुई मी डोळे मिटून चालवते. ही वाकडी सुई बोटांत फिरायची, जिथे जायचं ठरवलं त्याच्या बाजूला निघायची. वाकडं शिवायचं सोंग करायची गरजच पडली नाही. चौथ्या टाक्याला माझ्या कपाळावर घाम. या माणसानं हे कापड मांडीवर घेऊन, एका डोळ्यानं तिच्याकडे बघत, न शिकता, एकट्यानं शिवलं होतं.

"दोरा ओढ जरा. चुण्या पडू देत," तो म्हणाला.

"पडल्यात हो आपोआप."

भिंगरी भिंतीकडून अर्धी वळली होती. "गाठ बाहेर पाहिजे," ती म्हणाली. "बाबाची बाहेर असते."

मी गाठ बाहेर मारली. तिनं बोट फिरवून बघितलं. माझ्या मोठ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं इतकं बारकाईनं बघितलं नसेल.

"इथे बाबाचा दोरा सुटलेला असतो."

मी दोरा सोडला.

तिनं हात वर केले. मी जुना फ्रॉक हळूच काढला, नळीभोवतीची जागा सिस्टरनी पुसली, नवा घातला, टिचबटणं लावली. पुसताना भिंगरी "आई गं" म्हणाली आणि माझा अंगठा धरला. नंतर सोडला नाही.

काचेबाहेर तो बघत होता. मास्कच्या वर फक्त डोळे. ते डोळे मी ओळखले. इतके दिवस त्या काचेत मला माझेच तसे दिसत होते.

"एवढं वाकडं मी नव्हतं शिवलं," तो म्हणाला.

"तुमच्याहून बरंच आहे. हो की नाही गं?"

"दोघांचं वाईट आहे," भिंगरी म्हणाली, आणि हसली, आणि फोड दुखला म्हणून लगेच थांबली.

"गरम पाणी प्या आणि पडा," मी त्याला म्हटलं. "इथलं मी बघते. आमचं बरं चाललंय."

आमचं. मी फोन ठेवला. बरं वाटलं.

सिस्टर सुई न्यायला आल्या. सुई दिली. "पेशींचं काय?" मी विचारलं. "डॉक्टर आले की बघू," त्या म्हणाल्या. रोज म्हणतात तेच.

तो अजून काचेपाशीच उभा होता, चादर खांद्यावरून घसरलेली, हातात त्याच्या बाजूचा फोन. कानाला धरलेला. काहीतरी सांगत होता, कोणी ऐकत नसताना.

मी परत फोन उचलला. "आता काय?"

"ती झोपेत दात खाते. घाबरू नकोस, एवढंच सांगत होतो."

"कधीपासून?"

"थांब, सगळं सांगतो," तो म्हणाला.

मी अंगठा तिच्या मुठीत ठेवून, फोन खांद्यात धरून, नीट बसले.