आईचे हात

केकवर ‘शुभेच्छा’ लिहिताना ‘च्छा’पाशी करंगळी उडाली आणि क्रीमची रेघ शेजारच्या गुलाबात घुसली. दोघी बहिणींतल्या मोठीने ती चमच्याने अलगद उचलली आणि वर दुसरं फूल काढलं. बेकरीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती मात्र करंगळीकडे बघत राहिली. असं आपोआप उडणारं बोट तिने आधी पाहिलं होतं. आईचं.

आईचा आजार तसाच सुरू झाला होता. आधी बोटं, मग खांदे, मग चाल. मऊ स्वभावाची बाई शेवटी शेवटी लहानसहान गोष्टींवरून लेकींवर खेकसायला लागली. डॉक्टरांनी तेव्हाच मोठी आणि धाकटी, दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की हा आजार रक्तातून उतरतो. आईकडून आला तर आला, नाहीतर नाही. एकीला नसला म्हणून दुसरीला नसेल असंही नाही. रक्त तपासून कळू शकतं. तेव्हा दोघींनीही नको म्हटलं होतं.

आता मोठी धाकटीला न सांगता मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तिचं कोपर दाबून पाहिलं, तिला नाकाला बोट लावायला लावलं, सरळ रेषेत चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली.

“नुसतं बघून सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “रक्ताचा रिपोर्ट यायला काही आठवडे जातील. तोवर घरी स्वतःला तपासत बसू नका.”

तिने दुसरं काही केलंच नाही. बाथरूमच्या आरशासमोर जीभ काढून उभी राही. बेकरीत भट्टीपासून टेबलापर्यंत फरशीच्या सांध्यावरून टाचेला चवडा लावत जाई. चाळणीला ‘चाळणी’ म्हणायला क्षणभर उशीर झाला की संपलं, आजार डोक्यातही शिरला. रस्त्याने जाताना दुकानांच्या काचांकडे बघायचं तिने सोडूनच दिलं. काचेतून चालणारी बाई आपण नसून आई आहे असं वाटायचं. खांदा तसाच जरा वर. मोठी थांबली की तीही थांबे, पण किंचित उशिरा.

धाकटी मोठीसोबतच राहायची. लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि दिवसभराचा वैताग घरी येऊन हसून काढायची.

“काय गं, हल्ली हात काय लपवतेस?” तिने एकदा विचारलं.

“थरथरतात जरा. कामाचा ताण.”

“माझ्याकडे येणाऱ्यांचे तुझ्याहून जास्त थरथरतात. त्यांना लायसन्स मिळतं!”

मोठी हसली, पण उठून आत गेली.

एका दुपारी बेकरीतली वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. मागच्या गॅलरीचं दार उघडं होतं. तिथे कुणीतरी पाठमोरं, एका पायावर, दोन्ही हात पसरून उभं होतं. मोठी दारातच थबकली. आईच! मग त्या बाईचा तोल गेला, तिने कठडा धरला आणि वळली. धाकटी होती.



“कधीपासून?” मोठीने विचारलं.

“आई गेल्यापासून. रोज नाही. ब्रेकवर पाय जरा उशिरा पडला की मग.”

“मला बोलली नाहीस कधी.”

“तू बोललीस?”

मग मोठीने सगळं सांगितलं. करंगळी, डॉक्टर, रक्त. धाकटी कठड्याला टेकून ऐकत होती. तिला एकही विनोद सुचला नाही.

“तुझं जे येईल ते मला सांग,” ती म्हणाली. “चांगलं येवो, वाईट येवो. पण मला तपासून घे म्हणू नकोस. मला माझं नाही जाणून घ्यायचं.”

रिपोर्टच्या दिवशी दोघी गेल्या. डॉक्टरांनी ताणून धरलं नाही.

“तुम्हाला तो आजार नाही आणि होणारही नाही. करंगळी उडते ती कोपरापाशी नस दबल्यामुळे. क्रीमची पिशवी दाबताना कोपर टेबलावर टेकवता ना? ते बंद करा.”

“कोपर!” धाकटी ओरडली. “अगं, कोपराने जीव खाल्ला आपला!” तिने मोठीला घट्ट मिठी मारली आणि तिथेच हमसून हमसून रडली. मोठी आनंद व्हायची वाट बघत होती. जिना उतरताना तो आलाही. तेवढ्यात धाकटीच्या हातातून गाडीची किल्ली निसटून पायरीवर पडली. कुणाचीही पडली असती. मोठीने किल्लीकडे पाहिलंच नाही. तिने बोटांकडे पाहिलं.

करंगळी पुढे हळूहळू शांत झाली. घर झालं नाही. धाकटी कप कसा धरते, पाठमोरी कशी चालते, शब्दासाठी कुठे अडते, मोठीची नजर तिथेच. दुकानांच्या काचांत आता आई दिसत नव्हती. आई घरीच यायची आणि धाकटीच्या मागे उभी राहायची.

एकदा जेवताना धाकटीने चमचा खाली ठेवला.

“बघतेस तू.”

“नाही गं.”

“बघतेस. आईकडे आपण दोघी अशाच बघायचो. ती उगाच नव्हती खेकसत.” तिचा आवाज चढला नाही. “मला आजार असेल तर असेल, ताई. पण तू अशी बघत राहिलीस तर मी आजपासूनच आजारी.”

 मोठी ताट घेऊन उठली. रागावून आत निघाली असं धाकटीला वाटलं. पण मोठी टेबलाला वळसा घालून आली, धाकटीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. आता दोघींच्या समोर नुसती भिंत होती.

“सरक जरा,” मोठी म्हणाली.

धाकटी सरकली. दोघी जेवायला लागल्या. मध्येच बाजूला धाकटीचा चमचा ताटाच्या कडेवर खणकन वाजला. मोठीची मान वळू लागली. तिने ती आवरली, घास घेतला आणि तो पुन्हा पुन्हा चावत भिंतीकडे बघत राहिली.