गादीखालची जपानी तलवार

आमच्या घरात लेकरू जन्मलं की बाळंतिणीच्या गादीखाली विळा ठेवत नाहीत, जपानी तलवार ठेवतात. आजेसासरे ग्यानबा फौजेत होते. बर्म्यात जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा एका गोऱ्या साहेबानं ती त्यांना दिली. तेव्हापासून अनसिंगजवळच्या या घरातलं प्रत्येक लेकरू तिच्यावर निजलं. मला आई नाही, म्हणून पहिलंच बाळंतपण सासरी झालं. पाचवीच्या पूजेनंतर सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, ती लुगड्यात गुंडाळून माझ्या गादीखाली सरकवली.

मला झोप लागेना. म्यान जुनं, एका बाजूनं चिरलेलं. लेकीनं पाय झाडले की मी तिला उचलून छातीशी धरी. भीती जावी म्हणून तिला पाजताना मोबाइलवर जपानी तलवारींविषयी वाचत बसे. तिकडचा लोहार पात्याला माती लिंपायचा, धारेला पातळ, पाठीला जाड. मग लाल करून पाण्यात बुडवायचा. कितीतरी पाती तिथंच तडकायची. जे टिकायचं, त्याला बाक त्या पाण्यातच यायचा. लढाईवर जाणारे अधिकारी घरातलं पिढ्यांचं पातं नव्या मुठीत बसवून न्यायचे. आणि मोठ्या घरांत तान्ह्या लेकराच्या रक्षणाला छोटी तलवार द्यायचे. म्हणजे तिकडच्या आयाही अशाच जाग्या राहत असतील. तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

मग माझ्या नवऱ्यानं, नरेंद्रनं, लेकीशेजारी तलवार ठेवून फोटो काढला आणि स्टेटसला लावला.

"काहून लावला?"

"लेकीचा फोटो हाये वं. तलवार नुसती बाजूले हाये."

"पोलीस तलवारच पाहतीन."

"तू त मांजरीलेही भेतं."

त्याच आठवड्यात शेजारच्या गावची पोरं तलवारीच्या अशाच फोटोंपायी पोलिसांनी उचलली. नरेंद्रनं स्टेटस काढलं, पण फोटो कुठवर गेला होता कोण जाणे. मी म्हटलं, आपणच ठाण्यात नेऊन दाखवू.

"सव्वा महिना होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "लेकराखालून लोखंड काढत नसतात. तू शिकेल असशीन, पर लेकरं म्या वाढवली."

सकाळी त्या लेकीला न्हाऊ घालून धुरी देत होत्या, तेव्हा दारात पोलिसांची जीप थांबली.

"तलवार कुठं आहे?" ओसरीवरून साहेबांचा आवाज आला.

"भंगारात देल्ली, साहेब." नरेंद्रचा आवाज मला ओळखू येईना.

सासूबाईंनी घाईनं लेक माझ्या कुशीत दिली. एक महिला पोलीस आत आली. तिनं कपाट पाहिलं, धान्याच्या कोठीत हात घातला, मग बाजेशी थांबली. मूठ माझ्या पाठीला रुतत होती. तिनं लेकीकडे पाहिलं.

"पडून राहा बाई. ओली बाळंतीण तुम्ही." बाहेर जाऊन ती म्हणाली, "आत काही नाही, साहेब."

मी लेकीचं दुपटं सारखं केलं.

"मग कोणत्या भंगारवाल्याला दिली ते ठाण्यात सांग," साहेब नरेंद्रला म्हणाले. "बस गाडीत."

सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "उठू नको वं. हात जोडतो तुले."

मी लेक त्यांच्याच हातांत दिली. त्यांना ती धरावीच लागली. मग गादी उचलली. तलवार काढली आणि ओसरीवर गेले.

"हे खोटं बोलले, साहेब. भेले म्हणून."

साहेबांनी पातं वीतभर बाहेर ओढलं. धारेच्या कडेनं नदीच्या फेसासारखी पांढुरकी रेघ गेली होती. इतका वेळ खांबाशी उभे असलेले सासरे, बबनराव, पुढं आले.

"तलवार माह्या बापाची. त्यानं आणली, म्या ठेवली. या बहाद्दरानं फक्त फोटो काढला, अन् तोही धड नाई. मले न्या."

साहेबांनी पातं परत म्यानात सरकवलं. "मुलानं उद्या जबाबाला यायचं. तुम्ही चला, मामा."

सासऱ्यांनी टोपी घातली. गाडीत चढता चढता ते शिपायाला म्हणत होते, "बोट नोको लावू बाप्पा पात्याले. घामानं गंजते."

जीप वळली. नरेंद्र पायरीवर बसला, माझ्याकडे न बघता.

"सासऱ्याले धाडलं तू," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

लेक रडू लागली. माझा पान्हा सुटून लुगडं भिजलं. मी हात पुढं केले. सासूबाई तिला छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.