फुटक्या कुंडीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुनी कुंडी आहे. किती जुनी ते विचारू नका, कुंडीला वय विचारायचं नसतं. एवढंच सांगते, की मी या घरात आले तेव्हा आजोबांचे केस इतके दाट होते, की चिमण्या घरटं बांधायला जागा बघून जायच्या. आता एखादी बसलीच तर घसरून पडेल.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावरचा. त्याने मला गरागरा फिरवलं, थापटलं, भट्टीत भाजलं आणि शेवटी बोटाने टकटक वाजवून म्हणाला, "खणखणीत आहे." तेवढं एकच कौतुक मी अजून पुरवून पुरवून वापरते.

माझी उमेदीची वर्षं पुढच्या दारात, पायरीशेजारी गेली. एकदा माझ्यात टोमॅटोचं रोप लावलं होतं. त्याला धरलेला टोमॅटो एवढा मोठा आणि लालभडक होता, की शेजारचा कोंबडा संध्याकाळी आरवला. त्याला वाटलं, सूर्य परत उगवला. खोटं वाटत असेल तर कोंबड्याला विचारा. तो आता हयात नाही, हा काही माझा दोष नाही.

मग एक दिवस माझा काठ फुटला. चांगला तीन बोटं रुंद तुकडा निघाला. घरात चौकशी झाली. आजोबाच म्हणाले, "बोक्याने उडी मारली असणार." बिचाऱ्या बोक्याला तीन दिवस दूध नाही. मला खरं काय ते माहीत होतं, पण कुंडीची साक्ष कोण काढतंय?

त्याच आठवड्यात सगळ्या कुंड्यांना रंग द्यायचं ठरलं. आजोबांची सून ब्रश घेऊन बसली. लाल झाली, निळी झाली, पिवळी झाली. माझी पाळी आली तेव्हा तिने माझा काठ बघितला आणि ब्रश मागे घेतला. "हिला कशाला रंग फासायचा? ही फुटकीच."

झालं. रंगवलेल्या कुंड्या पुढच्या दारी नटूनथटून बसल्या आणि मी परसात, हौदामागे पालथी. येणारंजाणारं कोण, तर एक गोगलगाय. तीसुद्धा बसायची नाही, नुसती वरून जायची.

त्या हौदात एक दिवस मासे आले. त्याचं असं झालं. या घरातली नात एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिची जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली. जाताना बादलीतून आपला मासा घेऊन आली. नारिंगी रंग, कपाळावर पांढरा ठिपका आणि पोट असं, की त्याचं नावच पहिलवान.

"सुट्टीत येईन तेव्हा मला हा दिसला पाहिजे," ती म्हणाली.

"दिसेल की," भिंगरी म्हणाली. "उलट अजून जाडा दिसेल."

पहिलवानाला सोबत म्हणून आणखी चार छोटे मासे आणले. पण हौद उघड्यावरचा. दुपारी पाणी तापायचं आणि खंड्या पक्षी भिंतीवर बसून जेवायचं ताट बघावं तसा पाण्यात बघायचा. सावलीसाठी भिंगरीच्या आईने, म्हणजे त्याच ब्रशवाल्या सुनेने, जाळीच्या टोपलीत कमळ लावून हौदात सोडलं. ते गेलं थेट तळाला. पानं वर येईनात.

"याला पाण्याच्या आत पाट लागणार," आई म्हणाली. "टोपली वीतभर खाली राहील एवढ्या उंचीचा."

आजोबांनी लगेच बाह्या सरसावल्या. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. त्यांना सांगितलं, की उशी हवी, तर ते लोखंडाची करून देतील. जुन्या नळाच्या पाइपचे तुकडे जोडून त्यांनी चार पायांचं स्टँड बनवलं, वरून चंदेरी रंग मारला आणि हौदात उतरवलं.

"हत्ती उभा केला तरी हलणार नाही," ते म्हणाले.

हत्ती आला नाही. पण तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करायला लागले. पहिलवान कोपऱ्यात जाऊन बसला. दाणे टाकले तरी बघेना. भिंगरी हौदाच्या कडेला बसली, आणि मित्रांनो, तासभर बसली. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

आईने मासेविक्रीच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला.

"पाण्यात नवीन काय ठेवलंय?" बाईंनी विचारलं.

"सासऱ्यांनी स्टँड केलंय. नळाच्या पाइपचं."

"म्हणजे जस्ताचा मुलामा असणार. वर रंग मारलाय?"

"चंदेरी."

"छान. हे पाण्यात उतरून माशांना विष होतं, आता ते काय टाळ्या वाजवतील? आधी ते बाहेर काढा. थोडं थोडं पाणी बदला, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आणि आधाराला साधी भाजलेली माती घ्या, बिनरंगाची. धार नको, अडकायला जागा नको."

आजोबांनी स्टँड बाहेर काढलं. हत्ती पेलणारं स्टँड त्यांना स्वतःला उचलेनासं झालं होतं. वजनाने नव्हे.

सगळे बिनरंगाची माती शोधायला निघाले. पुढच्या दारी गेले. लाल कुंडी, रंगवलेली. निळी, रंगवलेली. पिवळीला तर वर चमकसुद्धा लावलेली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मी एवढी हौस कशाला केली?"

तेवढ्यात हौदामागून भिंगरीचा आवाज आला. "आई, ही गोगलगायवाली चालेल का?"

मला अंघोळ घालायला ती साबण घेऊन धावली. आईने तो काढून घेतला, "माशांना फेस पाजतेस का?" मग नुसतं पाणी आणि नारळाची शेंडी. इतकी वर्षं साठलेली माती निघाली. दोन दिवस बादलीत भिजत ठेवलं.

काठाची धार मात्र तशीच होती. आजोबा पॉलिशपेपर घेऊन पायरीवर बसले. ज्यांच्यापुढे लोखंड वाकायचं, ते मातीपुढे मान वाकवून बसले. घासतायत, बोट फिरवून बघतायत, परत घासतायत.

भिंगरी शेजारी येऊन बसली. "इथून पहिलवान आत जाईल?"

"पोट अडकेल त्याचं. मोजायला पाहिजे."

ती आत पळाली आणि लिंबू घेऊन आली. "पहिलवान एवढाच आहे. हे न अडकता गेलं पाहिजे."

लिंबू अडकलं. आजोबांनी परत घासलं. तिसऱ्या वेळी लिंबू घरंगळत माझ्या पोटात शिरलं.

"आजोबा, बरं झालं ना बोक्याने ही फोडली?"

आजोबांचा हात थांबला. बोका शेजारीच उन्हात पसरला होता. त्याने एक डोळा उघडला.

"बोक्याकडे हातोडा कुठून येणार गं," आजोबा हळूच म्हणाले. "माझ्याच हातून निसटला."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं, बोक्याकडे बघितलं आणि उठून आईला सांगायला पळाली. त्या संध्याकाळी बोक्याला वाटीभर दूध मिळालं, तेही आजोबांच्या हाताने.

मग मला हौदात पालथं उतरवलं, म्हणजे फुटका काठ तळाशी आला आणि त्याचं दार झालं. बुडाच्या भोकातून माझ्या पोटातली हवा निघाली. गुडगुडगुड. सगळे हसले. तुम्हीही हसून घ्या, मी रागवत नाही. हवा संपल्यावर भोकावर कमळाची टोपली बसली, म्हणजे तिथे एखादं पिल्लू अडकायला नको. आजूबाजूला गोलगुळगुळीत दगड रचले.

पण पहिलवान काही खाईना. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. आई पाणी बदलत होती. भिंगरी शाळेतून आली की दप्तरासकट हौदावर. पाचव्या दिवशी माझ्या दारात काहीतरी नारिंगी आलं. थबकलं. मग पोट सावरत आत शिरलं, न अडकता. मी श्वास रोखून धरला. सहाव्या दिवशी त्याने दाणा खाल्ला.

सुट्टीपर्यंत कमळाची पानं वर आली. खंड्या कंटाळून दुसरीकडे जेवायला गेला. मैत्रीण आली ती दारातून थेट परसात. वाकून बघते तर पानांखाली चार छोटे मासे. पहिलवान नाही.

तिचा चेहरा पडला. "तू म्हणाली होतीस, दिसेल."

"थांब," भिंगरी म्हणाली आणि तिने माझ्या दाराजवळ दोन दाणे टाकले.

मी माझ्या पोटातल्या त्या आळशाला मनात म्हटलं, ऊठ बाबा, पाहुणी आलीय. आधी पांढरा ठिपका बाहेर आला, मग उरलेला पहिलवान. बराच वेळ येतच होता.

"अगं, हा केवढा झालाय," मैत्रीण म्हणाली.

"दिवसभर घरात लोळतो," भिंगरी म्हणाली.

आता पुढच्या दारच्या रंगीत कुंड्यांचे रंग उडालेत. माझ्याकडे उडायला काहीच नव्हतं. माझ्या डोक्यावर मात्र पांढरं कमळ आहे, रात्री चंद्र ते बघायला एक पायरी खाली उतरतो.

तेव्हा मित्रांनो, पाण्यात काही ठेवायच्या आधी आत राहणाऱ्यांना ते सोसेल का, एवढं बघा. आणि कुणाला फुटकं म्हणून टाकून देण्याआधी एकदा लिंबू फिरवून बघा. कुणाचं तरी दार असेल.