बुटाचा तळ कोण पाहतो?

मित्रांनो, मी एक जुना, जाड चामड्याचा, डोंगर चढण्याचा बूट आहे. डावा. उजवा माझा भाऊ. पण तो पडला मुखदुर्बळ, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे.

मोच्याने मला शिवून टाचेला नाल ठोकली, तेव्हा आमच्या मालकांचे केस काळे होते. त्यांचा दोस्त मला उचलून म्हणाला, "अरे, हे बूट आहेत की विटा? यांना घेऊन तू चढणार, की तुला घेऊन हे?" पुढे एका निसरड्या कड्यावर मालकांचा पाय सटकला आणि माझ्या टाचेने खडकाची खाच धरून ठेवली, तेव्हा त्याच दोस्ताची बोबडी वळली. त्या दिवसापासून घरात माझा मान जावयासारखा!

मालकांची माया मात्र जरा आंधळी. भिजून आलो की मला शेगडीला चिकटवून ठेवायचे. "गारठलाय बिचारा," म्हणायचे. ती ऊब नव्हती, चटके होते. शिवणीचा दोरा आतून करपत गेला. वरून मात्र नेमाने पॉलिश. माणसांचं हे असंच. चारचौघांत दिसतं तेवढंच घासतात.

मग मालकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मी कपाटावर गेलो. काल त्यांच्या लेकीने मला खाली काढलं. ती तोच कडा चढायला निघाली होती.

"बाबा, हे चालतील ना?"

"चालतील काय, पळतील! माझा जीव वाचवलाय त्यांनी."

"तेव्हा ते तरुण होते," आई म्हणाली. "आणि तुम्हीही."

मालकांनी मला आरशासारखं चमकवलं. इकडे माझा जीव टांगणीला. जीभ आहे मला, पण बुटाची. ती काय बोलणार? कड्यावर पोरीचा भार पडला आणि मीच दगा दिला तर?

"नुसते घालून मिरवू नकोस," मालकांनी आपला जुना नियम सांगितला. "पाठीवर सामान घे आणि जिना चढून-उतरून दाखव."

चढताना कसाबसा टिकलो. उतरताना माझा तळ पुढून सुटला आणि दुमडला. पोरगी कोलमडली; कठडा हाती लागला म्हणून वाचली.

"अगं बाई!" आई धावली.

मालक पायरीवरच बसले. त्यांनी मला पालथं केलं, काळा पडलेला दोरा नखाने उचकला. त्याचा भुसा झाला.

"हे कड्यावर झालं असतं तर..."

"नाही ना झालं, बाबा," लेक म्हणाली. पण कठड्यावरचा हात तिलाही सोडवत नव्हता.

आज सकाळी ती मैत्रिणीचे बूट घालून गेली. आधी मालकांनी त्यांचे तळ वाकवून पाहिले, शिवण ताणून पाहिली, मगच दिले. आता ते खिडकीशी बसलेत आणि मी दाराशी. दोघांचे कान जिन्याकडे.

मित्रांनो, आम्हाला सावलीत वाळवा. कौतुक जरूर करा. पण एकदा पालथं करूनही बघा. आम्ही फाटणार, हे ठरलेलंच आहे. भीती असते ती कुठे फाटू याची.