खिडकीची वजनं

मॅलकीनं रेडिओची पिन भिंतीतून उपसली आणि वायर हातावर गुंडाळायला सुरुवात केली.

"बिघडलाय," तो म्हणाला. "गावात दुरुस्तीला टाकतो."

"रविवारी?" त्याची आई अट्रॅक्टा टेबलाशी बसून पावाच्या कडा कापत होती. आताशा तिला कडा चावत नसत. "काल संध्याकाळी मेलेल्यांची नावं चांगली खणखणीत वाचली त्यानं. गावातल्या बिड कफच्या दिराचं तर दोनदा. आणि आज माझ्या जिवंत पोरीच्या वेळेला बरा बिघडला."

"चर्चच्या मिस्साला उशीर होईल, आई."

"देव थांबेल. त्याला दुसरं काय काम आहे? लाव ती पिन."

त्यानं पिन लावली. हाताला अजून गोठ्याचा वास होता.

धून

ही धून मॅलकीच्या जन्माआधीची. रविवारी सकाळी ती रेडिओवर वाजायची, मग चार-पाच माणसं आपलं नवं लिखाण वाचायची. दोन वाचनांच्या मध्ये कुणाची फिडल, कुणाचा पियानो. एवढा वेळ या स्वयंपाकघरात भांडं वाजवायचं नाही, हा अट्रॅक्टाचा नियम. फिंटन मुद्दाम चमचा पाडायचा.

फिंटन थोरला. मधला मॅलकी. आणि बऱ्याच वर्षांनी झालेली डर्व्हला, जी आता डब्लिनला होती, आणि जिनं चार दिवसांपूर्वी फोन करून सांगितलं होतं:

"मी फिंटनवर लिहिलंय. रेडिओवाल्यांनी घेतलंय. या रविवारी."

"काय लिहिलंयस?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"ऐक की, मॅलकी. तुला ऐकवायलाच तर लिहिलंय."

फिंटन गेला तेव्हा ती लहान होती, खरं. पण लहान मुलं खिडकीत उभी असतात. कुठल्या खिडकीत कधी उभी होती, हे मोठ्यांना कुठं ठाऊक असतं?

पहिलं वाचन

कॉर्कचा एक निवृत्त मास्तर. त्याची पहिली सायकल.

"हा मागच्या खेपेलाही सायकलवरच होता," अट्रॅक्टा म्हणाली. "अजून उतरला नाही वाटतं."

मॅलकी हसला नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि लोण्याची वाटी पुढं सरकवली. त्यानं ती तशीच परत सरकवली.

संगीत

पाइप्सचे सूर. संथ, रडवेले. आणि नको असताना ती पहाट.

मे महिन्यात तळ्यावर माशी उठते, ती खायला मासे वेडे होतात, आणि मासे धरायला माणसंही. फिंटन मात्र गळ न घेताच गेला होता. मॅलकीला तो सापडला धक्क्याच्या टोकाशी, छातीभर पाण्यात, उभ्यासारखा, फक्त डोकं पाण्याखाली झुकलेलं. अंगात जाड कोट. ओढला तर येईना. मग त्यानं फिंटनच्या खिशात हात घातला.

त्या वसंतात घराच्या खिडक्या बदलल्या होत्या. जुन्या खिडक्या वर सरकवल्या की जागच्या जागी राहाव्यात म्हणून चौकटीच्या पोटात दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असत. ती काढून शेडमध्ये ढीग घातला होता. त्या ढिगातली वजनं. एकेक उपसून मॅलकीनं तळ्यात लांब फेकली. मग होडी सोडली, पालथी केली, पायानं लोटून दिली.

आणि मग ओरडला.

होडी उलटली, डॉक्टर म्हणाले. होडी उलटली, फादर म्हणाले. गाव म्हणालं. आईचा मुलगा तळ्यानं नेला. तो आपण होऊन गेला नाही. एवढं तरी तिच्यापाशी राहावं. त्यासाठी मॅलकी या घरात राहिला, गायी पिळल्या, लग्न केलं नाही, आणि दारू प्यायला नाही, कारण प्यायलेला माणूस बोलतो.

दुसरं वाचन

दुसऱ्या कुणीतरी कशावर तरी वाचलं. त्याला ऐकू आलं नाही.

तिसरं वाचन

"डर्व्हला गिलहूली," निवेदिका म्हणाली.

अट्रॅक्टानं सुरी खाली ठेवली. मॅलकीचा हात रेडिओच्या बटणाजवळ गेला आणि तिथंच थांबला.

*माझ्या भावानं मला कबूल केलं होतं की उद्या तुला माशीच्या वेळेला होडीतून नेईन. म्हणून मी रात्री बूट घालूनच झोपले.*

"खरं आहे," अट्रॅक्टा पुटपुटली. "चादर चिखलानं भरली होती."

*पण पहाटे तो मला न उठवता गेला. होडी लहान होती आणि वारा मोठा होता. खूप वर्षं मी त्याच्यावर रागावले होते. मला का नाही नेलं?*

हात अजून बटणापाशीच.

*मॅलकीनं मला गवताच्या गंजीमागे बसवून सांगितलं: फिंटन सापडला तेव्हा त्याच्या मुठीत गळ तसाच होता. त्यानं सोडला नव्हता. मी अजून त्या मुठीच्या आधारानं जगते.*

मॅलकीनं हात मागं घेतला.

तिला काही ठाऊक नव्हतं. हे वाक्य त्याचंच होतं. रडणाऱ्या पोरीला गप्प करायला, जिभेवर आलं ते. आज देशभरच्या स्वयंपाकघरांत लोक चहाचा कप हातात धरून त्या मुठीपाशी थांबले असतील.

संगीत

फिडल.

"छान वाचलं," अट्रॅक्टा म्हणाली.

"हं."

"वारा नव्हता पण त्या दिवशी."

मॅलकीनं टेबलावरची सुरी सरळ केली.

"आरसा होता तळ्याचा. मी धुणं घातलं होतं. पान हललं नाही." तिनं कापलेल्या कडा एकत्र केल्या. "कोट तू शेगडीपाशी आणून टाकलास. दोन्ही खिसे शिवणीत उसवलेले. आत लोखंडाचा गंज. चौकशीला आलेला पोलीस बाहेरच्या खोलीत चहा घेत होता. तो कोट बघायला आला तेव्हा कोट ओला होता. फाटका नव्हता."

फिडल चालूच होती.

"ढिगातली उरलेली वजनं मी विहिरीत टाकली," ती म्हणाली. "कुणी मोजायला नकोत म्हणून."

"आई." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठं बोललास?"

फोन वाजला. ती टेबलाला धरून उठली, भिंतीवरचा रिसीव्हर घेतला.

"हो गं, ऐकलं. बुटाचं किती छान लिहिलंस. मॅलकी? हा काय, इथंच आहे. देते."

मॅलकी दाराशी जाऊन उभा होता. दारामागं तो कोट अजून टांगलेला होता. कुणी घातला नाही, कुणी काढला नाही. त्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा त्या खिशात हात घातला. बोटांना पोत्याची सुतळी लागली. दुहेरी, टाक्याला टाका लावून. आता त्यात काहीही भरलं असतं तरी तो खिसा उसवला नसता.

आईनं हात लांबवून रिसीव्हर त्याच्या दुसऱ्या हातात दिला.

"मॅलकी? ऐकतोयस ना? गळाचं बरोबर लिहिलं ना मी? तू सांगितलं होतंस तसंच?"

कार्यक्रम संपला नव्हता. तरी त्याच्याकडे पाठ करून अट्रॅक्टानं नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली, जोरजोरात, एकेक चमचा आपटत.